रासायनिक द्रव्यांनी त्वचेचे निर्मोचन : तत्त्व, उपयोग आणि मर्यादा

१. त्वचेचे नित्य नवीकरण

सापाने टाकलेली कात पुष्कळांनी पाहिलेली असते. मनुष्यही कात टाकतो. परंतु ती अखंड निघून न पडता सूक्ष्म कणांच्या रूपाने अहोरात्र गळत असते, म्हणून ती आपल्या ध्यानात येत नाही. स्नानाच्या वेळी अंग चोळले असता निघणारा मळ हा केवळ बाहेरची धूळ नसतो. त्याचा बराचसा भाग त्वचेच्याच मृत पेशींचा असतो. सणावारी अंगास उटणे लावण्याच्या जुन्या प्रथेमागे या मृत पेशी घासून काढण्याचा हेतू असतोच.

त्वचेचे मुख्यतः दोन थर आहेत. वरचा थर तो बाह्यत्वचा व त्याखालचा तो अंतस्त्वचा. चेहऱ्यावरील बाह्यत्वचेची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. तिच्या तळाशी पेशींची एक रांग असते. तिला आधारस्तर म्हणतात. या पेशींचे सतत विभाजन होत असते. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर जाता जाता त्या चपट्या होतात, त्यांतील केंद्रक नष्ट होते आणि केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने त्या भरून जातात. पृष्ठभागी पोहोचेपर्यंत त्या मृत झालेल्या असतात. अशा मृत पेशींचे पंधरा-वीस पदर मिळून जो थर बनतो तो शृंगस्तर होय. आधारस्तरात जन्मलेली पेशी गळून पडेपर्यंत साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात. वाढत्या वयाबरोबर हा काळ लांबतो, मृत पदर साचून राहतात आणि त्वचा निस्तेज व खरखरीत दिसू लागते.

आधारस्तरातच मधूनमधून रंजकपेशी विखुरलेल्या असतात. त्या मेलॅनिन नावाचे गडद रंगद्रव्य तयार करून शेजारच्या पेशींना पुरवितात. हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींतील केंद्रकांचे छत्रीप्रमाणे रक्षण करते.

अंतस्त्वचा ही बाह्यत्वचेहून पुष्कळच जाड असते. तीत कोलॅजन व स्थितिस्थापक तंतूंचे जाळे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे आणि तैलग्रंथी असतात. त्वचेला येणारा ताठपणा या तंतूंमुळे येतो. ते झिजले म्हणजे सुरकुत्या पडतात.

२. निर्मोचनाचे तत्त्व

त्वचेवर विशिष्ट रासायनिक द्रव्य लावून तिचे वरचे थर मोजक्या खोलीपर्यंत सैल करणे अथवा नष्ट करणे, आणि त्यांच्या जागी नवी त्वचा येऊ देणे, या उपचारास निर्मोचन म्हणता येईल. व्यवहारात त्यास ‘केमिकल पील’ हेच नाव रूढ झाले आहे.

या उपचाराचे खरे स्वरूप प्रथमच ध्यानात घ्यावयास हवे. निर्मोचन म्हणजे एक जाणूनबुजून केलेली, परंतु नियंत्रित अशी जखम होय. अम्ल स्वतः त्वचा सुंदर करीत नाही; ते जखम करते, आणि ती भरून काढताना शरीर जी नवी त्वचा निर्माण करते तीत सुधारणा दिसते. म्हणून उपचाराचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते : जखम किती खोल झाली आणि ती भरून येताना शरीराची प्रतिक्रिया काय झाली.

जखम बाह्यत्वचेपुरती मर्यादित असल्यास ती वण न राहता भरून येते, कारण आधारस्तराच्या उरलेल्या पेशी तत्काळ विभाजन सुरू करतात. बाह्यत्वचा संपूर्ण नष्ट होऊन जखम अंतस्त्वचेत उतरली, तरीही केसांच्या मुळांभोवती असलेल्या बाह्यत्वचेच्या पेशी वर सरकून उघडा भाग झाकून टाकतात. मात्र जखम त्याहूनही खोल गेल्यास हा साठा नाहीसा होतो आणि कायमचा वण पडण्याचा संभव असतो. चेहऱ्यावर केसांची मुळे व तैलग्रंथी दाट असतात. मान, छाती व हातांची पाठ येथे त्या विरळ असतात. चेहऱ्यास सोसणारे द्रावण मानेस का सोसत नाही, याचा उलगडा यावरून होतो.

३. पूर्वेतिहास

आंबलेल्या दुधाने त्वचा नितळ करण्याचा प्रघात प्राचीन ईजिप्तमध्ये होता, असे सांगितले जाते. आंबलेल्या दुधात लॅक्टिक अम्ल असते, आणि आजही हे अम्ल निर्मोचनासाठी वापरतात. तेव्हा या प्रघातास रासायनिक आधार होता असे म्हणता येईल.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांट फोन हेब्रा यांनी १८७४ च्या सुमारास चेहऱ्यावरील काळे डाग घालविण्यासाठी त्वचा सोलणारी द्रव्ये वापरली. १८८२ मध्ये हॅम्बुर्ग येथील पाउल गेर्सोन उन्ना यांनी सॅलिसिलिक अम्ल, रिसॉर्सिनॉल, फेनॉल व ट्रायक्लोरोॲसिटिक अम्ल यांच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. ही चारही द्रव्ये पुढील शतकात उपयोगात राहिली. न्यूयॉर्कचे जॉर्ज मॅकी यांनी १९०३ पासून मुरुमांच्या वणांवर फेनॉलचा प्रयोग केला. त्यांचे निष्कर्ष मात्र १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६० च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल एअर्स यांनी ट्रायक्लोरोॲसिटिक अम्लाचा व थॉमस बेकर यांनी फेनॉलयुक्त मिश्रणाचा अभ्यास पुढे नेला.

१९७४ मध्ये यूजीन व्हान स्कॉट व रुए यू यांनी दाखवून दिले की, फळे, दूध व ऊस यांत आढळणारी काही सौम्य कार्बनी अम्ले शृंगस्तरातील पेशींची परस्परांशी असलेली बांधणी सैल करतात. मत्स्यत्वचेसारख्या खवलेदार रोगावर इलाज शोधताना हा शोध लागला. पुढे त्यातूनच सौम्य निर्मोचनाची पद्धती निघाली.

४. वापरली जाणारी द्रव्ये

ग्लायकोलिक अम्ल उसाच्या रसात आढळते. या वर्गातील अम्लांत त्याचा रेणू सर्वांत लहान असल्याने ते त्वचेत शीघ्र शिरते. निर्मोचनासाठी त्याची २० ते ७० टक्क्यांची द्रावणे वापरतात. परिणाम हवा तितका झाला की सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने त्याची क्रिया थांबवावी लागते. न थांबविल्यास ते खोल जात राहते. लॅक्टिक अम्लाचा रेणू किंचित मोठा व क्रिया अधिक सौम्य असते. कडू बदामापासून प्रथम मिळविलेले मॅंडेलिक अम्ल याच कुळातील. त्याचे रेणुभार ग्लायकोलिक अम्लाच्या दुप्पट असल्याने ते सावकाश शिरते व दाह कमी करते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. द्रावणाची टक्केवारी सारखी असली तरी त्याचे सामर्थ्य सारखे असेलच असे नाही. त्वचेत शिरून कार्य करतो तो अम्लाचा मुक्त अंश, आणि तो द्रावणाच्या सामूवर अवलंबून असतो. ग्लायकोलिक अम्लाच्या द्रावणाचा सामू ३.८ च्या सुमारास असेल तर त्यातील निम्मेच अम्ल मुक्त असते. सामू १ च्या खाली गेला तर जवळजवळ सर्व अम्ल मुक्त राहते. म्हणून बाटलीवरील ‘७० टक्के’ या आकड्यावरून ते द्रावण सौम्य की दाहक हे ठरविता येत नाही.

सॅलिसिलिक अम्ल तैलद्रव्यांत विरघळते. त्यामुळे ते तैलग्रंथींच्या मुखांत शिरून तेथे साठलेले मृत पेशींचे बूच मोकळे करते. तेलकट त्वचा व मुरूम यांवर ते विशेष उपयोगी पडते. निर्मोचनासाठी त्याचे २० ते ३० टक्क्यांचे द्रावण वापरतात. द्रव उडून गेला की चेहऱ्यावर पांढरे स्फटिक दिसतात. ॲस्पिरिन न सोसणाऱ्या व्यक्तीस हे अम्ल वर्ज्य आहे. विस्तृत भागावर लावल्यास ते रक्तात शोषले जाऊन कानांत गुणगुण, मळमळ अशी लक्षणे होऊ शकतात.

ट्रायक्लोरोॲसिटिक अम्लाची क्रिया वेगळ्या प्रकारची आहे. अंडे उकडले असता त्यातील पांढरा बलक जसा गोठतो, त्याप्रमाणे हे अम्ल त्वचेतील प्रथिने गोठविते. त्यामुळे त्वचेवर हिमासारखा पांढरेपणा येतो आणि त्याच्या गडदपणावरून अम्ल किती खोल गेले याचा अंदाज तज्ज्ञास बांधता येतो. प्रथिने गोठविण्यात हे अम्ल स्वतःच खर्ची पडते. म्हणून ते बाहेरून उदासीन करता येत नाही. एकदा लावले की त्याची क्रिया परत घेता येत नाही. १० ते ३५ टक्क्यांपर्यंतची द्रावणे प्रचारात आहेत. ५० टक्क्यांचे द्रावण संपूर्ण चेहऱ्यास लावण्याची पद्धत वण पडू लागल्यामुळे मागे पडली. मात्र २००२ मध्ये कोरियातील तज्ज्ञांनी अतितीव्र द्रावण टोकदार काडीने केवळ मुरुमाच्या खोल खळग्याच्या तळाशी लावण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तीत आजूबाजूची त्वचा अस्पर्श राहून खळगा हळूहळू भरून येतो.

फेनॉल, म्हणजेच पूर्वीचे कार्बॉलिक अम्ल, हे या सर्वांत प्रखर. त्याच्या प्रचलित मिश्रणात जमालगोट्याच्या बियांचे तेल घालतात, आणि खोल परिणामाचे बरेचसे श्रेय या तेलाकडेच जाते असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसून आले. फेनॉल त्वचेतून रक्तात शोषले जाते व हृदयाचे ठोके अनियमित करू शकते. म्हणून हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवून, चेहऱ्याचा एकेक भाग अंतराने घेऊनच हा उपचार रुग्णालयात करावा लागतो.

५. खोलीनुसार वर्गीकरण

निर्मोचनाचे वरवरचे, मध्यम व खोल असे तीन प्रकार मानतात. ढोबळ मानाने पहिल्यात जखम ०.०६ मिलिमीटरपर्यंत, दुसऱ्यात ०.४५ मिलिमीटरपर्यंत आणि तिसऱ्यात ०.६ मिलिमीटरपर्यंत जाते. दुसरा व तिसरा प्रकार यांतील अंतर एका मिलिमीटरच्या सहाव्या भागाहूनही कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे उपचार करणाऱ्याच्या हातास किती शिक्षणाची गरज आहे ते कळून येईल.

वरवरच्या निर्मोचनानंतर तीन-चार दिवस बारीक पापुद्रे निघतात व माणूस आपले नित्याचे काम करू शकतो. मध्यम प्रकारात चेहरा सुजतो, त्वचा काळपट होऊन सोलते आणि पूर्ववत् होण्यास आठवडाभर किंवा थोडा अधिक काळ लागतो. खोल प्रकारात जखमेची शुश्रूषा पुष्कळ दिवस करावी लागते आणि लाली कित्येक महिने टिकू शकते.

६. कोणत्या विकारांत उपयोग होतो

मुरूम व त्यांनी मागे ठेवलेले काळे डाग, वांग, उन्हाने आलेला खरखरीतपणा आणि सूक्ष्म सुरकुत्या यांवर निर्मोचनाचा उपयोग होतो. मात्र डाग कोठे आहे यावर यश अवलंबून असते. रंगद्रव्य बाह्यत्वचेत असेल तर ते पेशींबरोबर गळून जाते. ते अंतस्त्वचेत उतरलेले असेल तर वरवरच्या निर्मोचनाचा त्यावर विशेष परिणाम होत नाही, आणि तेथपर्यंत पोहोचण्यासाठी खोल जखम करणे हे नव्या डागास निमंत्रण ठरते. यासाठी उपचारापूर्वी अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली डागाची पाहणी करतात. त्या प्रकाशात वरचे रंगद्रव्य अधिक ठळक होते. खोलवरचे तसे होत नाही.

वांग हा विकार चिवट आहे. सूर्यप्रकाश, शरीरातील संप्रेरकांचे बदल व आनुवंशिकता ही त्याची कारणे होत. गरोदरपणात तो पुष्कळदा उद्भवतो. निर्मोचनाने वांग फिके होते. पण मूळ कारण चालू राहिल्यास ते पुन्हा येते. म्हणून त्यात निर्मोचन हा मुख्य नव्हे, पूरक उपचार समजावा. सैल पडलेली त्वचा आणि उंच वाढणारे वण यांवर त्याचा उपयोग नाही.

७. सावळ्या त्वचेचा प्रश्न

निर्मोचनाची बहुतेक तंत्रे प्रथम युरोप व अमेरिकेतील गोऱ्या त्वचेवर बसविली गेली. ती भारतीय त्वचेस जशीच्या तशी लागू पडत नाहीत. १९७५ मध्ये अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी, ऊन लागले असता त्वचा भाजते की काळवंडते, यावरून तिचे वर्गीकरण सुचविले. ते पुढे सहा वर्गांपर्यंत विस्तारले. भारतीयांची त्वचा बहुशः चौथ्या व पाचव्या वर्गांत मोडते.

गोऱ्या व सावळ्या माणसांत शरीराच्या एकाच भागावरील रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशींच्या कार्यात. सावळ्या त्वचेत रंगद्रव्याचे कण अधिक मोठे असतात, ते सुटे सुटे पसरतात व अधिक काळ टिकतात. या पेशी दाहास तत्परतेने प्रतिसाद देतात. डास चावला, पुरळ फुटले किंवा भाजले तरी भारतीय त्वचेवर काळा डाग मागे राहतो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. निर्मोचन ही तर हेतुपुरस्सर केलेली जखम. ती प्रमाणाबाहेर गेली तर जो डाग घालविण्यासाठी रुग्ण आला त्याहून मोठा व गडद डाग घेऊन तो परत जातो. याउलट फार खोल जखमेत रंजकपेशीच नष्ट झाल्या तर पांढरे चट्टे उरतात, आणि सावळ्या चेहऱ्यावर ते अधिकच उठून दिसतात.

या कारणास्तव भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय त्वचेसाठी खोल निर्मोचनाची शिफारस केलेली नाही. एकाच प्रखर उपचाराऐवजी सौम्य द्रावण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा वापरणे, हा आपल्याकडील सुरक्षित मार्ग होय.

८. उपचाराची पद्धती

उपचारापूर्वी दोन ते चार आठवडे त्वचेची पूर्वतयारी करतात. ऊनरोधक मलम, अ जीवनसत्त्वाशी संबंधित ट्रेटिनॉइन आणि आवश्यक तेथे रंगद्रव्याची निर्मिती कमी करणारे औषध वैद्याच्या सल्ल्याने लावतात. त्यायोगे शृंगस्तर सारख्या जाडीचा होऊन अम्ल समप्रमाणात शिरते आणि रंजकपेशी शांत राहतात.

वैद्याने विचारण्याच्या व रुग्णाने न लपविण्याच्या काही गोष्टी आहेत : ओठांवर वारंवार पाण्याचे फोड येतात काय, जखमेचे वण फुगून वाढतात काय, मुरुमांसाठी पोटात आयसोट्रेटिनॉइन घेतले आहे काय, गर्भ आहे काय, आणि व्यवसायामुळे उन्हात राहावे लागते काय. चेहऱ्यावर उघडी जखम किंवा जंतुसंसर्ग असल्यास उपचार पुढे ढकलतात.

प्रत्यक्ष उपचारात चेहरा धुऊन त्यावरील तेल काढून टाकतात. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या व ओठांच्या कडा यांस व्हॅसलीन लावून संरक्षण देतात. द्रावण ठरावीक क्रमाने शीघ्र लावतात व घड्याळाकडे लक्ष ठेवतात. तथापि घड्याळापेक्षा त्वचा हाच खरा मार्गदर्शक होय. लाली अकस्मात वाढली किंवा अनपेक्षित पांढरेपणा दिसला तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहता, उदासीन करता येणाऱ्या अम्लाची क्रिया तेथेच थांबवितात.

नंतरची काळजी उपचाराइतकीच महत्त्वाची आहे. सुटणारे पापुद्रे नखांनी ओढू नयेत. ओढल्यास खालची कोवळी त्वचा फाटते व डाग पडतो. साधे स्निग्ध मलम लावावे आणि उन्हापासून कटाक्षाने जपावे. ऊनरोधक मलमाचा संरक्षणांक ३० किंवा अधिक असावा व ते दिवसातून अनेकदा लावावे. वांग असणाऱ्यांना दृश्य प्रकाशाचाही उपद्रव होतो. त्यांना लोहाच्या ऑक्साइडने रंगविलेले मलम अधिक लाभदायक ठरते. छत्री, पदर किंवा रुंद काठाची टोपी यांचे मोलही कमी नाही.

९. घरी प्रयोग करण्याचे धोके

घरगुती वापराच्या लेपांत ग्लायकोलिक अम्लाचे प्रमाण सामान्यतः १० टक्क्यांपर्यंत व सामू ३.५ च्या वर असतो. अशा लेपांनी शृंगस्तर थोडा पातळ होतो, इतकेच. परंतु दवाखान्यात वापरावयाची तीव्र अम्लेही आता टपालाने घरपोच मिळू लागली आहेत. भाजण्याच्या व वण पडण्याच्या घटना लक्षात घेऊन, अशी द्रव्ये तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून विकत घेऊ वा वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये दिला. हा इशारा भारतीय वाचकानेही आपल्यासाठी आहे असेच समजावे. किंबहुना डाग पडण्याचा धोका येथे अधिक आहे.

‘नैसर्गिक’ वस्तू निरुपद्रवी असते हाही समज बरोबर नाही. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हात गेल्यास त्यातील काही द्रव्ये सूर्यकिरणांच्या योगे त्वचा भाजून काढतात व मागे गडद चट्टे राहतात. तसेच रंग उजळविण्याच्या नावाखाली वापरली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे त्वचा पातळ व हळवी करतात. अशा त्वचेत अम्ल अनपेक्षित खोल शिरते. म्हणून निर्मोचनापूर्वी कोणते मलम किती दिवस लावले, हे वैद्यास सांगणे अगत्याचे आहे. अशा अनेक मलमांची चिठ्ठीवाचून विक्री होऊ नये यासाठी भारत सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले आहेत.

अम्लाने त्वचा भाजल्यास ती वाहत्या थंड पाण्याखाली भरपूर वेळ धुवावी व विनाविलंब वैद्याकडे जावे. हळद, दंतमंजन, शाई असे पदार्थ लावू नयेत. डोळ्यात थेंब गेल्यास पापण्या उघड्या ठेवून धुणे चालूच ठेवावे.

१०. उपसंहार

निर्मोचनाने डाग फिके होतात, मुरूम आटोक्यात येतात, पृष्ठभाग नितळ होतो. माणसाचा जन्मजात वर्ण मात्र त्याने बदलत नाही. कारण वर्ण ठरविणाऱ्या रंजकपेशी आधारस्तरात आणि त्यांचे गुणधर्म अनुवंशात असतात. कितीही पदर काढले तरी खालून येणारी त्वचा त्याच वर्णाची असते. सावळा रंग हा रोग नसल्यामुळे त्यावर उपचार असण्याचे कारणही नाही. उन्हाच्या देशात ते एक उत्तम संरक्षण आहे.

उसाच्या रसातील अम्लापासून जमालगोट्याच्या तेलापर्यंत जी द्रव्ये वर आली आहेत, त्यांपैकी कोणतेही स्वभावतः केवळ गुणकारी किंवा केवळ घातक नाही. खोली बेताची असेल तर तेच औषध, आणि ती चुकली तर तेच विष. ती बेताची ठेवण्यासाठी रोगाचे निदान, त्वचेची ओळख, शिक्षित हात आणि रुग्णाचा धीर या चारही गोष्टी लागतात. त्यांपैकी एकही बाटलीत भरून मिळत नाही.